यवतेश्वरच्या डोंगरात शंख घावतो का?

जरंडेश्वर_पायथा

नमस्कार मंडळी. रविवारी भाचीला कासला फिरवून आणलं. परतताना रस्त्याकडेला एक जण ताडपत्री टाकून गारगोट्या, पांढरे-हिरवे स्फटिक, रुद्राक्ष असं काय काय विकत होता. त्याच्या टोपलीच्या तळाशी हे मिळालं. सांगितले साडेतीनशे, दिलं अडीचशेला. कुठला म्हणून विचारलं तर म्हणाला, "हितलाच ताई, यवतेश्वरच्या डोंगरात घावला."

फोटो नीट येत नाहीयेत म्हणून वर्णन करते. पट्टीने मोजलं, ३४ मिलिमीटर भरलं. रंग भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखा. सुरुवातीला गोगलगायीसारखं घट्ट वेटोळं आहे, पण ते गोल पुरं होतच नाही. जिलबी पाडणाऱ्याचा हात शेवटच्या वळणाला घसरावा तसं ते वेटोळं सोडून सरळ जातं आणि टोकाला पुन्हा आत वळतं, थेट आकड्यासारखं. अंगावर आडवे बारीक कंगोरे आहेत आणि मधेमधे खसखशीएवढ्या गाठी. एका बाजूला साल घासून गेलीय, तिथे कोथिंबिरीच्या पानाच्या कडेसारख्या नागमोडी रेषा दिसतात.

भाची म्हणते हे जीवाश्म आहे. आमचे हे म्हणतात अडीचशे रुपये पाण्यात. कोण बरोबर?

नुसताच_वाचतो

दोघंही बरोबर असू शकतात ताई. जीवाश्म पाण्यातलाच असणार.

शंकासुर

प्लास्टर किंवा रेझिनचा साचा असेल. पर्यटनाच्या जागी सर्रास चालतं. सुई तापवून कुठेतरी लपलेल्या जागी टेकवा. रेझिन असेल तर सुई रुतते आणि जळक्या प्लास्टिकचा वास येतो. मग ढीगभर एकसारखेच तुकडे होते का ते आठवून बघा. साच्यातला माल जुळ्या भावंडांसारखा असतो.

बोअरवाला_कराड

ताई, तुमचं वर्णन फोटोपेक्षा भारी आहे. आधी डोंगराचं सांगतो, कारण तिथे माझा हात बसलेला आहे. भूगर्भशास्त्रात डिग्री घेतली आणि आता गावोगाव बोअरसाठी पाणी बघत फिरतो.

यवतेश्वर घ्या, अजिंक्यतारा घ्या, सज्जनगड घ्या, सगळा काळा पाषाण. बोअर मारताना वर मुरूम लागतो, मग मांजऱ्या (छिद्राछिद्रांचा खडक), मग कातळ, मधेच एखादा तांबडा पट्टा, की पुन्हा मांजऱ्या आणि कातळ. दरवेळी नवा लाव्हा आधीच्या लाव्ह्यावर पसरला, त्याच्या या थप्प्या. कासच्या माथ्यावर जांभा आहे तोही याच पाषाणाचा झिजून झालेला. हा सगळा लाव्हा जमिनीवर वाहिला, समुद्रात नाही. बाहेर पडताना त्याची उष्णता अकराशे अंश सेल्सिअसच्या आसपास. त्यात शंख टिकायचं सोडा, त्या जागी शंखवाला प्राणी असायचंच कारण नव्हतं.

दोन लाव्ह्यांच्या मधल्या निवांत काळात डबकी-तळी साचायची, त्यांच्या गाळात जीवाश्म मिळतात. नागपूरकडे गोड्या पाण्यातल्या गोगलगायी आहेत, मुंबईत वरळीला तर बेडूक सापडलेत. पण तुमच्या हातात आहे ती गोगलगायही नाही. गोगलगायीच्या शंखात आत पडदे नसतात. तुमच्या कोथिंबिरीच्या रेषा म्हणजे आतले पडदे बाहेरच्या भिंतीला जिथे चिकटले त्या शिवणी आहेत. अशी नक्षीदार शिवण असते फक्त अमोनाइटला, म्हणजे समुद्रातल्या एका नामशेष झालेल्या शंखवाल्या प्राण्याला.

म्हणजे दगडवाल्याने माल खरा दिला असावा, पत्ता मात्र खोटा दिला. आता एक काम करा. भिंग घ्या आणि बघा, त्या रेषा वेटोळ्यापासून आकड्यापर्यंत सगळीकडे आहेत की कुठे संपतात?

मंदाकाकू_वाई

अमोनाइट म्हणजे आपला शाळिग्रामच ना? आमच्या देवघरात सासऱ्यांच्या सासऱ्यांपासून आहे. काळाभोर, लिंबाएवढा, आत चक्र. सासूबाई सांगायच्या की वज्रकीट नावाचा किडा दगड कोरतो आणि चक्र करतो. आता तुम्ही म्हणणार ते सगळं खोटं.

बोअरवाला_कराड

काकू, खोटं कशाला म्हणू. दगडात प्राणी आहे एवढं तर त्या गोष्टीत अचूक पकडलंय. फक्त किड्याने दगड कोरला नाही, प्राण्याभोवती चिखल बसला आणि त्याचा दगड झाला. नेपाळात मुक्तिनाथच्या बाजूला काळ्या शेलचे (चिखलाच्या दगडाचे) थर आहेत, काली गंडकी ते कापत येते आणि गोटे पात्रात पडतात. हिमालय उठायच्या आधी तिथे समुद्र होता. चक्र म्हणजे त्या शंखाचा ठसा.

वयात मात्र फरक आहे. तुमचा शाळिग्राम साधारण १५ कोटी वर्षांच्या घरातला. ताईंचा तुकडा मला वाटतं तसा असेल तर त्याच्या निम्म्या वयाचा, त्या खानदानाच्या शेवटच्या पिढ्यांमधला.

जरंडेश्वर_पायथा

मोती चौकातल्या ओळखीच्या सोनाराकडून डोळ्याला लावायचं भिंग आणलं. काल रात्री जेवणं झाल्यावर मी आणि भाची टेबलावरच्या दिव्याखाली बसलो होतो.

सुई रुतली नाही, वासही नाही. घासलेल्या जागी लिंबू पिळलं तर अगदी बारीक बुडबुडे आले. (नंतर पाण्याने धुतलं, ओरडू नका.) टोपलीत असा दुसरा एकही नव्हता.

आता रेषांचं. भाचीने वर बटर पेपर ठेवून पेन्सिलीने एक शिवण गिरवली. सरळ आडवी रेषा म्हणून सुरुवात करते, मग खाली एक खोल खोबण, त्या खोबणीच्या काठाला आणखी छोट्या खोबणी, त्यांच्याही काठाला दाते. नखाएवढ्या जागेतली एक रेष गिरवायला पोरीला वीस मिनिटं लागली. आणि दादा, तुम्ही विचारलंत ते: रेषा फक्त गोल भागातच आहेत. जिथे शंख वेटोळं सोडतो तिथे शेवटची रेष, पुढे सरळ भाग आणि आकडा दोन्ही कोरे. ते तुम्हाला आधीच कसं ठाऊक होतं?

बोअरवाला_कराड

कारण तो सरळ भाग आणि आकडा मिळून त्याची राहायची खोली. प्राणी कायम शेवटच्या खोलीत राहतो. वाढला की पुढे सरकतो आणि पाठीमागे पडदा घालून जुनी जागा बंद करतो. गोल भागात आहेत ते सगळे बंद केलेले कप्पे.

ताई, तुमच्याकडे आहे तो स्कॅफाइट कुळातला अमोनाइट. ग्रीकमध्ये स्काफे म्हणजे होडी, आकारावरून नाव पडलं. स्कॅफाइट्स ही प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट) १८११ साली जेम्स पार्किन्सन याने मांडली. हा तोच लंडनचा डॉक्टर ज्याने १८१७ साली कंपवातावर लिहिलं आणि ज्याच्या नावाने तो आजार आज ओळखला जातो. पेशंट तपासून उरलेल्या वेळात माणूस शंख बघायचा.

जर्मनीत १८९५ साली सापडलेला एक अमोनाइट जवळपास पावणेदोन मीटरचा आहे, म्हणजे चांगल्या उंच माणसाएवढा. स्कॅफाइट मंडळी बहुतेक दोन ते पाच-सहा सेंटिमीटरमध्ये आटोपतात. त्यांची गंमत अशी की लहानपणी ती चारचौघांसारखी गोल वाढतात. वयात आली की वेटोळं सोडून सरळ जातात, आकडा घालतात आणि वाढ कायमची थांबते. त्यामुळे आकडा दिसला की प्राणी पूर्ण वाढलेला, यात वाद नाही. इतर अमोनाइटांच्या बाबतीत "हे पिल्लू की बुटका मोठा" यावर लोक भांडत बसतात.

शंकासुर

आकडा आत वळला तर तोंड स्वतःच्याच वेटोळ्याकडे झालं. मग खात काय होता, स्वतःची पाठ?

बोअरवाला_कराड

रास्त शंका. पाण्यात तरंगताना जड बाजू खाली, कप्प्यांची हलकी बाजू वर, त्यामुळे तोंड वरच्या दिशेला राहायचं. अशा ध्यानाला तळावर रांगत शिकार करणं जमणार नाही. पाण्यात लोंबकळत बारीकसारीक जीव गोळा करून खात असावा असंच बहुतेक अभ्यासक मानतात. चपळ नव्हता. पण चपळ नसूनही कोट्यवधी वर्षं टिकला, हे आपल्या कचेऱ्यांकडे बघून पटायला हरकत नाही.

हळदीचं_पेव (सांगली)

आमच्या पेवाची आठवण झाली राव! हरिपूरला जमिनीत हळद साठवायची पेवं होती. वर तोंड अरुंद, आत माणूस उभा राहील एवढी खोली. हळद भरली की तोंड बंद करून माती लिंपायची. उघडल्यावर लगेच उतरायचं नाही, आतली हवा मारते. आधी तोंड मोकळं ठेवायचं, कंदील सोडून बघायचं, मग माणूस उतरणार. माझे आजोबा त्या धंद्यात होते. पुढं पुराचं पाणी शिरून बरीच पेवं बाद झाली.

मग या प्राण्याच्या बंद कप्प्यात काय असायचं? हवा? आणि ती आत गेली कुठनं, सगळं लिंपलेलं असताना?

बोअरवाला_कराड

पेवाची उपमा मी आता कॉलेजच्या पोरांना सांगणार, आधीच परवानगी मागून ठेवतो.

पडदा घातला तेव्हा कप्प्यात पाणीच असायचं. सगळ्या कप्प्यांच्या आरपार एक बारीक नळी जाते, शेवटच्या खोलीतल्या जिवंत अंगापासून थेट पहिल्या कप्प्यापर्यंत. नळीच्या पेशी त्या पाण्यातले क्षार ओढून घेतात आणि क्षारांमागे पाणी येतं. पाणी निघालं की रिकाम्या जागेत वायू हळूहळू झिरपतो. म्हणजे हवा भरून पाणी ढकलत नाहीत, आधी पाणी काढतात. आजचा नॉटिलस, म्हणजे अजून समुद्रात असलेला असाच कप्पेवाला शंखधारी, असंच करतो. नॉटिलसची नळी पडद्याच्या मधोमध जाते, अमोनाइटची बाहेरच्या कडेने. आणि शंख सारखा दिसला तरी अमोनाइटचे जवळचे नातलग नॉटिलस नव्हेत, माकूल आणि ऑक्टोपस.

जुनी_पानं

मी सांगलीची, ग्रंथालयात नोकरी झाली. निवृत्तीनंतर काम नाही म्हणून अशा धाग्यांवर रेंगाळते. स्कॅफाइट म्हटल्यावर राहवलं नाही, कारण आपल्या देशातली गोष्ट कुणी सांगितलीच नाही.

पाँडिचेरीजवळच्या वलुदावूर भागात समुद्री खडक आहेत, अमोनाइटांच्या अगदी शेवटच्या काळातले. १८४० च्या सुमारास के आणि कन्लिफ या दोन इंग्रजांनी तिथले जीवाश्म गोळा करून लंडनला धाडले. एडवर्ड फोर्ब्स या निसर्गअभ्यासकाने त्यांवर १८४६ साली मोठा अहवाल छापला. एवढ्या नव्या जातींना नावं कुठून आणायची? गड्याने सरळ आपल्या देवांची यादी काढली. इंद्र, वरुण, सूर्य, ब्रह्म! आजही शास्त्रीय नावांत ते टिकून आहेत: स्यूडोफायलाइट्स इंद्र, झेलँडाइट्स वरुण. ब्रह्माला तर बढती मिळाली, पुढे अख्ख्या प्रजातीचंच नाव ब्रह्माइट्स झालं.

त्याच अहवालात दोन छोटे, असेच आकडेवाले होते. एकाला कन्लिफचं नाव दिलं, दुसऱ्याला पवन. १९५३ मध्ये एल. एफ. स्पॅथ यांनी या छोट्यांची वेगळी प्रजाती केली आणि तिला नाव दिलं इंडोस्कॅफाइट्स. हे स्पॅथ म्हणजे कच्छच्या अमोनाइटांवर जाडजूड खंड लिहिणारे. फोर्ब्सला मात्र आयुष्य फार मिळालं नाही, १८५४ साली वयाच्या ३९ व्या वर्षी गेला.

मंदाकाकू_वाई

अगंबाई, पवन! म्हणजे वायूच. वायूचा मुलगा जरंडेश्वरावर बसलाय आणि धागा काढणारीचं नाव जरंडेश्वर_पायथा. मी काही बोलत नाही.

नुसताच_वाचतो

काकू, न बोलता बरंच बोललात.

जरंडेश्वर_पायथा

अंगावर काटा आला हो. मग माझा इंडोस्कॅफाइट्स का? भाचीला वहीत नाव लिहायचंय.

बोअरवाला_कराड

वहीत "स्कॅफाइट कुळ" एवढंच लिहा. असे आकडेवाले अमेरिकेत मोंटाना आणि साउथ डकोटापासून युरोपपर्यंत मिळतात. प्रजाती ठरते ती गाठींच्या ओळी, कंगोऱ्यांची मांडणी आणि मुख्य म्हणजे कुठल्या थरातून काढला त्यावरून. थराचा पत्ता त्या दगडवाल्याने मिटवला. जीवाश्म उचलताना जागा लिहून ठेवली नाही तर सातबारा नसलेल्या जमिनीसारखं होतं. जमीन खरी असते, पण कुठल्या गावची ते सांगता येत नाही.

शंकासुर

एक मुद्दा राहिला. अमोनाइट ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपले म्हणतात. आपला दख्खनचा लाव्हाही तेव्हाचाच. म्हणजे आपल्या महाबळेश्वराने यांना मारलं की काय?

बोअरवाला_कराड

आला मुद्द्यावर शेवटी. बसा, चहा घ्या.

तो काळ एकच आहे. लाव्ह्याचा मोठा हिस्सा दहा लाखांहून कमी वर्षांत वाहिला, आणि त्याच दरम्यान मेक्सिकोच्या युकातानमध्ये तो प्रसिद्ध अशनी आदळला. सह्याद्रीतल्या थरांच्या गटांना शास्त्रज्ञांनी जी नावं दिलीत ती वाचून सातारकराची छाती फुगेल. वरच्या उपगटाचं नाव आहे वाई. त्यात खालून वर पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. जगभरचे लोक या विषयावर भांडतात तेव्हा त्यांच्या तोंडी आपल्या एसटीच्या पाट्या असतात.

माझं मत विचाराल तर घाव अशनीचा. लाव्ह्यातून निघालेल्या वायूंनी हवामान आधीच बिघडवलं असेल, पण नायनाट अचानक झाला आणि त्याची वेळ अशनीशी जुळते. उलट बाजूचेही मोठे अभ्यासक आहेत, भांडण मिटलेलं नाही.

नॉटिलस वाचला आणि अमोनाइट गेले याचं कारण मला जास्त खिळवून ठेवतं. अमोनाइटची पिल्लं अंड्यातून निघताना जेमतेम मिलिमीटरभर, मोहरीच्या दाण्यापेक्षाही लहान. ती वरच्या पाण्यात तरंगायची आणि तिथल्या सूक्ष्म जिवांवर जगायची. आकाश अंधारलं, वरचं पाणी आम्लारलं, सूक्ष्म जीव मेले, की सगळ्यात आधी हीच पिल्लं उपाशी. नॉटिलस मोजकीच मोठी अंडी घालतो, ती उबायला वर्षाच्या आसपास लागतं आणि पिल्लू निघतं ते दोन-अडीच सेंटिमीटरचं, तयार शंख घेऊन खोल पाण्यात. अमोनाइटने हजारो तिकिटं काढली, पण सगळी एकाच गाडीची.

तरी काही चिवट निघाले. डेन्मार्कला स्टेव्हन्स क्लिंट नावाचा समुद्रकडा आहे. तिथे अशनीच्या खुणेच्या वरच्या थरातही मोजके अमोनाइट मिळतात, आणि काहींच्या मते ते खरोखर वाचलेले होते. त्यात आहे होप्लोस्कॅफाइट्स. ताईंच्याच तुकड्याचा भाऊबंद, तसाच छोटा, तसाच आकडेवाला.

हळदीचं_पेव (सांगली)

म्हणजे लाव्हा इकडं, अमोनाइट तिकडं. दोघांची गाठ कधी पडलीच नाही म्हणायची.

बोअरवाला_कराड

तेच सांगायचं राहिलं होतं. आंध्रात राजमहेंद्रीला गोदावरीच्या काठाशी काळ्या पाषाणाचा एक तुटक पट्टा आहे. त्याचं रासायनिक पृथक्करण केलं तर तो जुळतो आंबेनळी आणि महाबळेश्वरच्या थरांशी. आपल्या बाजूने निघालेला लाव्हा तेव्हाच्या नद्यांच्या खोऱ्यांतून सुमारे हजार किलोमीटर वाहत पूर्व किनाऱ्याला पोचला. तिथल्या दोन लाव्ह्यांच्या मधल्या गाळात समुद्री सूक्ष्मजीव मिळाले आहेत. म्हणजे हा लाव्हा खरोखर समुद्राच्या दारात गेला होता. कृष्णामाई आज महाबळेश्वरातून निघून त्याच किनाऱ्याला जाते. पाण्याच्या आधी त्या दिशेला विस्तव गेलेला आहे.

डोंगरात शंख घावत नाही. डोंगरच शंखाच्या घराकडे चालत गेला होता.

मंदाकाकू_वाई

हे वाचून झाल्यावर मागच्या दारी गेले आणि मेणवलीच्या बाजूचा डोंगर उगीच पाच मिनिटं बघत बसले. भाजी लागली.

जरंडेश्वर_पायथा

शेवटचा वृत्तांत देते. काल भाचीला स्टँडवर सोडायच्या आधी पुन्हा यवतेश्वरला गेलो. दगडवाला तिथेच होता. मी काही भांडायला गेले नव्हते, पण पोरगी थेट म्हणाली, "काका, हा इथला नाहीच, इथे सगळा लाव्हा आहे." तो हसला. म्हणाला, माल जयपूरहून येतो, पोत्यात काय काय निघतं, गिऱ्हाइकाला हितलंच पाहिजे असतं म्हणून हितलं सांगतो. मग भाचीने बटर पेपरवरची शिवण दाखवून त्याला सगळं ऐकवलं. पडदे, पेव, इंद्र-वरुण-पवन, सगळं. त्याने मन लावून ऐकलं. दोन प्रश्नही विचारले, त्यातला एक "तोंड वर मग खायचा काय" हाच होता.

आज सकाळी आमचे हे त्या रस्त्याने गेले होते. टोपलीत मोठे गोल अमोनाइट होते, आणि तो एका पुण्याच्या कुटुंबाला सांगत होता, "यवतेश्वरचा नाय साहेब, ह्यो समुद्रातला, इंद्र-वरुणाच्या खानदानातला."

भाव पाचशे.

नुसताच_वाचतो

कमी झाला का नंतर?

जरंडेश्वर_पायथा

एक रुपया नाही.